तक्रार: नकाशातला पलंग पाच फुटांचा का?

प्रति,
व्यवस्थापक

ऑर्डरचा तपशील तुमच्याकडे आहेच. ३० बाय ५० फुटांच्या प्लॉटवरच्या घराचा नकाशा, १२,५०० रुपये आगाऊ. काल तुमच्या ऑफिसशी पाचव्यांदा बोललो, म्हणून आता लेखी.

हॉल २१ बाय ९. रेल्वेचा डबासुद्धा १० फुटांहून रुंद असतो. पॅसेज ७२ चौरस फूट, स्वयंपाकघर ६३, म्हणजे सहा चौरस मीटरही नाही. 'नियमात बसतं' म्हणे! नॅशनल बिल्डिंग कोडमधले, म्हणजे देशाच्या बांधकाम नियमावलीतले, स्वयंपाकघराचे किमान ५ चौरस मीटर जेवणाची जागा वेगळी असेल तर चालतात. तुम्ही डायनिंग टेबल स्वयंपाकघरातच काढलंय, तिथे ७.५ लागतात. हे मी तुम्हाला सांगायचं?

पण खरं दुखणं आईच्या खोलीचं. कागदावर ८ बाय १०. ही मापं भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंतची, हे नकाशावर कुठेच लिहिलेलं नाही. बाहेरची भिंत ९ इंची, आतली ६ इंची, वर गिलावा. उरते सव्वासात फूट रुंदी. रविवारी प्लॉटवर फक्की मारून खोली आखली. चार फुटी पलंगाच्या आणि दीड फूट खोल कपाटाच्या जागी विटा लावल्या. मधे राहिले २१ इंच. आईचा वॉकर २४ इंचांचा. तिने तो तिरका करून बघितला, एक वीट पाडली आणि म्हणाली, "जाईन रे मी, राहू दे."

हेच काल सांगितलं. अकरा मिनिटं होल्डवर ठेवून 'सीनियर' आले.
"काका, रूम छोटी नाहीये. तुमचं सामान मोठं आहे."
म्हटलं, पलंग आहे, हत्ती नाही.
"थ्रीडी बघा ना, किती स्पेशस दिसतंय."
म्हटलं, त्यातला पलंग पट्टीने मोजलाय. ५ फूट लांब आहे. त्यात आमच्याकडे फक्त पाचवीतली नात मावते.
त्यावर साहेब काय म्हणाले? "आजी तशाही दिवसभर हॉलमध्येच बसणार ना?"

माझी आई कुठे बसणार हे तुम्ही ठरवणार? रेकॉर्डिंग होतं ना तुमच्याकडे? ऐका एकदा. वर दुरुस्तीचे ३,५०० वेगळे! चूक तुमची, पलंग छोटा तुम्ही काढलात, आणि पैसे मी भरायचे.

भावाला तुमचं नाव मीच सुचवलं होतं, याची आता लाज वाटते. आठ दिवसांत भिंतीच्या आतली मापं लिहिलेला, खऱ्या मापाचं सामान दाखवलेला नकाशा मोफत पाठवा, नाहीतर १२,५०० परत करा. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. विटांचे फोटो काढून ठेवलेत, पट्टीसकट.

उत्तर लेखीच द्या. फोन करू नका. तुमची ती होल्डवरची धून आता आमच्या नातीलाही पाठ झालीय.

एक ग्राहक
(तुमच्या भाषेत 'काका')