रोलओव्हरची नोंद ‘पैसे काढले’ अशी होते, त्याबद्दल तक्रार

एडिसन, न्यू जर्सी
२१ एप्रिल २०२५

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

स.न.वि.वि.

गुंतवणुकीचा हिशेब ठेवायला मी आपले सॉफ्टवेअर वापरतो. आपली कंपनी पुण्याची आहे आणि आपल्या मदत केंद्रातली मुले माझ्याशी मराठीतच बोलतात, म्हणून पत्रही मराठीतच लिहितो आहे.

अकरा वर्षांची नोकरी मी गेल्या डिसेंबरात सोडली आणि तिथल्या ४०१(के) खात्यातले, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत खात्यातले, १,८४,२६० डॉलर माझ्या आयआरए खात्यात, म्हणजे स्वतःच्या नावाच्या निवृत्ती खात्यात, वळते केले. यालाच रोलओव्हर म्हणतात. जुने फंड जसेच्या तसे हलवता येण्यासारखे नव्हते, त्यामुळे ते विकून चेक निघाला. १४ मार्चला तो टपालाने घरी आला. चेक नव्या संस्थेच्या नावाचा होता, पुढे फक्त ‘यांच्या लाभासाठी’ म्हणून माझे नाव. माझ्या नावाने निघाला असता तर २० टक्के कर आधीच कापला गेला असता आणि ६० दिवसांत पदरचे घालून पूर्ण रक्कम भरावी लागली असती. ते टाळायलाच मी थेट रोलओव्हर निवडला. त्यावर कर नाही, दंड नाही.

आपल्या सॉफ्टवेअरच्या हे गावीही नाही. जुन्या खात्यातून रक्कम निघताच त्याने ‘पैसे काढले’ अशी नोंद केली. चेक वाटेत असताना माझी एकूण शिल्लक तेवढ्याने कमी दिसत होती, ते एक वेळ समजू शकतो. पण २७ मार्चला रक्कम जमा झाली ती ‘नवीन भरणा’ म्हणून. लगेच लाल पट्टी आली: यंदाची ८,००० डॉलरची मर्यादा ओलांडली, जादा रकमेवर दरवर्षी ६ टक्के दंड. त्याखाली कराच्या अंदाजात सगळेच्या सगळे १,८४,२६० डॉलर उत्पन्नात धरलेले, आणि वयाची साडेएकोणसाठ वर्षे पूर्ण नाहीत म्हणून वर १८,४२६ डॉलर दंड. माझे वय ५२. रात्री साडेदहाला तो आकडा पत्नीने पाहिला आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. नियम ठाऊक असूनही मी पहाटेपर्यंत कागद काढून तपासत बसलो होतो.

३ एप्रिलला मदत केंद्राने ‘शिल्लक दुरुस्ती’ वापरायला सांगितले. तसे केल्यावर जुन्या खात्यात १०० टक्के तोटा दिसू लागला आणि आयआरएमध्ये, जिथे आधी ९,२१३ डॉलर होते, २००० टक्के नफा. पुन्हा फोन केला, तर सल्ला मिळाला की जुने खातेच पुसून टाका. दर पगारातून कापलेली रक्कम, त्यावर कंपनीने घातलेली भर, हे सगळे मी अकरा वर्षे नोंदत आलो आहे. ते पुसून टाकायचे असेल तर मग हे सॉफ्टवेअर घेतले कशासाठी?

पुढच्या जानेवारीत जुनी संस्था मला १०९९-आर, म्हणजे निवृत्ती खात्यातून निघालेल्या रकमेचा कराचा फॉर्म, पाठवेल. त्यात सातव्या रकान्यात ‘जी’ असेल, म्हणजे थेट रोलओव्हर. सरकारी कागदात यासाठी एक अक्षर आहे. आपल्या यादीत लाभांश आहे, व्याज आहे, बोनस शेअर आहेत, आणि नोकरी बदलणारे इतके लोक करतात तो हा व्यवहारच नाही. अमेरिकेतल्या ग्राहकांकडून वर्गणी घेता, तर हे हवेच.

माझी मागणी अशी. रोलओव्हर म्हणून वेगळी नोंद द्या, जी दोन्ही खाती जोडेल. मधल्या दिवसांत रक्कम ‘वाटेत’ दिसावी. ती ना काढलेल्या पैशांत मोजली जावी, ना नव्या भरण्यात, ना परताव्यात, आणि जुन्या भरण्यांचा इतिहास नव्या खात्याबरोबर पुढे यावा. माझ्या खात्यातल्या ३ एप्रिलपूर्वीच्या नोंदी मात्र आठवड्याभरात परत आणून द्या आणि तो दंडाचा इशारा काढून टाका.

माझी वर्गणी मे महिन्यात संपते. दुरुस्ती कधी होणार ती तारीख त्याआधी लेखी कळवावी, मगच पुढचे पैसे भरेन. चेकची प्रत आणि पडद्याची तीन छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला,
एक ग्राहक