कानाला क्लिप लावणाऱ्या फिजिओताईंना

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

ऑपरेशनच्या तीन दिवस आधी अ‍ॅडमिट झाले, तेव्हा जो येई तो "आजकाल ब्रेस्ट कॅन्सरचं काही नसतं हो" म्हणून जाई. तुम्ही एवढंच विचारलंत, "झोप लागते का?" पहाटे तीनला धडधडून जाग येते आणि हात आपोआप गाठीवर जातो, हे तोवर घरीसुद्धा बोलले नव्हते.

मग मोबाईलएवढं मशीन काढलंत आणि क्लिप आधी स्वतःच्या डाव्या कानाला लावून दाखवलीत. व्हेगस ही मेंदूकडून निघणारी दहावी नस, हृदयाला आणि पोटाला जाते, तिची एक बारीक फांदी कानाच्या खोलगट भागात येते. "कान कोरताना काहींना खोकला येतो ना, तो हिच्यामुळेच." आमच्या ह्यांना येतो! त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

तुम्ही साफ सांगितलंत, की याने कॅन्सरला काही होत नाही, अभ्यास अजून चालू आहेत, धडधड कमी झाली तर झाली. पेसमेकर नाही ना, हेही विचारून घेतलंत. आणि बटण माझ्याच हातात दिलंत. "मुंग्या आल्या की वाढवणं थांबवायचं, टोचलं की कमी करायचं." कानाला सेकंदाला 25 वेळा विजेची बारीक टिकटिक. बायोप्सीपासून सगळं दुसरेच ठरवत होते. एके ठिकाणी तर रिपोर्टही जिन्यात उभ्याउभ्या कळला. हे बटण तेवढं माझं.

पहिल्या रात्री शष्प फरक पडला नाही. दुसऱ्या रात्री पाचपर्यंत झोपले. मशीनमुळे की तुमच्यामुळे, देव जाणे.

ऑपरेशननंतर ड्रेसिंग सोडलं त्या दिवशी मात्र मला क्लिप नको होती. तुम्ही ती खिशातच ठेवलीत आणि ड्रेनची नळी सांभाळत कॉटच्या कडेला बसून राहिलात. ड्यूटी संपली होती तुमची, सिस्टर दोनदा सांगून गेल्या.

आता कोथरूडच्या घरी भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम चालू आहे. पेन्सिलीची खूण कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत गेली. ह्यांना खोकला आला की नातू ओरडतो, "आजोबा, व्हेगस!"

सोमवारी तपासणीला येते आहे. भाकरवडी आणते, पण या वेळी सगळी वॉर्डात वाटून टाकू नका.

तुमची,
कॉट नंबर 7