चिपचा कारखाना आणि ड्रममधले ॲसिड

संपादक महोदय,

सेमीकंडक्टर प्रकल्पांवरची आपली चर्चा गुंतवणुकीचा आकडा आणि ‘प्रकल्प कोणी पळवला’ यापुढे सरकत नाही. सप्टेंबर २०२२मध्ये वेदांत-फॉक्सकॉन तळेगावऐवजी गुजरातला जाणार म्हणून केवढा गदारोळ झाला! जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेरच पडली. आता गुजरातमधील धोलेऱ्यात टाटा इलेक्ट्रॉनिक्स तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीच्या तंत्रज्ञानावर ९१ हजार कोटींचा कारखाना उभारत आहे; क्षमता महिन्याला ५० हजार वेफर, म्हणजे ज्यांवर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या. तो यशस्वी व्हावा असे मनापासून वाटते. म्हणूनच विचारावेसे वाटते, तिथे रोज लागणारी रसायने देशात कोण बनवणार?

३०० मिलिमीटरच्या वेफरवर २८ नॅनोमीटरची चिप घडवायला शेकडो पायऱ्या लागतात. समजा ५०० पायऱ्या आहेत आणि प्रत्येक ९९.९ टक्के बिनचूक झाली, तर शेवटी हाती येतात सुमारे ६१ टक्के चांगल्या चिप. हेच प्रमाण ९९.९९ टक्के झाले की ९५ टक्के. साखर कारखान्याचे गणित जसे उताऱ्यावर, तसे फॅबचे, म्हणजे चिपच्या कारखान्याचे, यील्डवर, म्हणजे चांगल्या चिपच्या टक्केवारीवर चालते.

त्या पायऱ्यांपैकी कितीतरी निव्वळ धुण्याच्या असतात. फोटोरेझिस्ट, म्हणजे नक्षी उमटवायला लावलेला प्रकाशसंवेदी लेप, काढायला सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे गरम मिश्रण, सूक्ष्म कणांसाठी अमोनिया व पेरॉक्साइड, ऑक्साइडचा थर काढायला विरल हायड्रोफ्लुओरिक ॲसिड. बाजारातले ९८ टक्क्यांचे सल्फ्युरिक इथे कामाचे नाही. प्रत्येक धातूचे प्रमाण एक लाख कोटी भागांत साधारण शंभर भागांच्या आत लागते. ऑक्साइडच्या थरात सोडियम शिरले की ट्रान्झिस्टर सुरू होण्याचा व्होल्टेज सरकतो. लोह किंवा तांबे भट्टीच्या उष्णतेत सिलिकॉनमध्ये खोल जाते आणि विजेची गळती सुरू होते. औद्योगिक पेरॉक्साइड टिकावे म्हणून त्यात बहुधा कथिलाची संयुगे घातलेली असतात, त्यामुळे तेही बाद. ती काढावीत तर पेरॉक्साइड जराशा धातूनेही विघटित होते, ऑक्सिजन सुटतो, पंपात बुडबुडे येतात आणि झाकणाला वायू सोडणारी झडप नसेल तर ड्रम फुगतो.

आपल्याकडे ॲसिड शुद्ध करता येते. घात होतो तो नंतर. स्वच्छ ॲसिड ज्या ड्रममध्ये भरले, ज्या नळीतून ओतले, ज्या झडपेतून गेले, तिथला धातू त्यात उतरतो. त्यामुळे झडपा, नळ्या, गॅस्केट सगळे उच्च शुद्धतेच्या फ्लुओरोपॉलिमरचे, म्हणजे टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकचे हवे आणि भरणी क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळकणरहित खोलीत हवी. नमुना घेणाऱ्याच्या हातमोज्यावरचा घामाचा अंशही सोडियमचा आकडा बिघडवतो आणि चांगला लॉट नापास होतो. इतके सूक्ष्म प्रमाण मोजायला आयसीपी-मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, तोही क्लीनरूममध्येच. एका मध्यम उद्योजकाला हा खर्च झेपणारा नाही.

फॅब आपला असूनही रसायन परक्याचे असले की काय होते, हे दक्षिण कोरियाने पाहिले आहे. जुलै २०१९मध्ये जपानने फोटोरेझिस्ट, हायड्रोजन फ्लोराइड आणि फ्लुओरिनेटेड पॉलिइमाइड यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा सॅमसंग आणि एसके हायनिक्स या दिग्गजांचीही धावपळ झाली.

विजेचा प्रश्न वेगळा, पण तितकाच कठोर. डिसेंबर २०१०मध्ये जपानमधील योक्काइची येथे तोशिबाच्या फॅबमध्ये व्होल्टेज अवघे ०.०७ सेकंद घसरले आणि पुढच्या दोन महिन्यांचा पुरवठा २० टक्क्यांपर्यंत घटण्याचा अंदाज कंपनीला जाहीर करावा लागला.

महाराष्ट्रात तारापूर, महाड, लोटे, पाताळगंगा या पट्ट्यांत ॲसिड हाताळण्याचा अनुभव पिढ्यांचा आहे. राज्य सरकारने एखाद्या वसाहतीत सामायिक विश्लेषण प्रयोगशाळा आणि क्लीनरूम भरणी केंद्र उभारावे व उद्योगांना माफक दरात वापरू द्यावे. जागा निवडताना सांडपाण्यातील फ्लोराइड चुन्याने कॅल्शियम फ्लोराइड करून गाळण्याची सोय आधी पाहावी. आहेत त्या नद्यांवर आणखी भार नको.

हे आताच करायला हवे. फॅबची प्रक्रिया एकदा स्थिर झाली की ॲसिडचा पुरवठादार बदलायलाही चाचणी-वेफर, विश्वासार्हता चाचण्या आणि ग्राहकाची मंजुरी लागते. त्यात अनेक महिने जातात आणि चालू यील्ड पणाला लावायला कोणी तयार होत नाही. आपले नमुने धोलेऱ्यात त्याआधी पोहोचले पाहिजेत.

– एक रसायन अभियंता, डोंबिवली