गुड फ्रायडेला शुभेच्छा नकोत, पंचांगात एक ओळ द्या

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मी आपल्या पेपरची जुनी वाचक, सकाळी चहा घेताना आधी पंचांगाचा चौकोन बघायचा ही सवय. मी कॅथलिक, मूळची वसईची, नवऱ्याच्या नोकरीमुळं सांगलीला आले त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. यंदा 3 एप्रिलला गुड फ्रायडे होता, त्या दिवशी आमच्या चौकात फ्लेक्स लागला, क्रुसाचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा'. लावणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला पक्कं माहितीये, पण तिथून जाताना डोळ्यात पाणी आलं. अहो तो आमच्या प्रभूच्या मरणाचा दिवस. मयताच्या घरी जाऊन कुणी हार्दिक शुभेच्छा देतं का?

नावात गुड आहे म्हणून लोकांचा घोळ होतो, मराठीत उत्तम शुक्रवार पण म्हणतात. त्या मरणानं आपलं तारण झालं म्हणून उत्तम, पण दिवस दुःखाचाच. आदल्या दिवशी, म्हणजे पवित्र गुरुवारी, फादर बारा जणांचे पाय धुतात, मग मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना, झाल्यावर वेदीवरचं कापड, मेणबत्त्या सगळं काढून टाकतात, घंटा बंद होतात त्या थेट शनिवारी रात्रीच वाजतात. शुक्रवारी जगात कुठंच मिस्सा होत नाही. क्रुसाची वाट करायची, चौदा ठिकाणी थांबून प्रार्थना, मग एकेकानं जाऊन क्रुसाचं चुंबन घ्यायचं. त्या दिवशी आमचा उपवास असतो, एकच पोटभर जेवण, मटण चिकन नाही. नियम 18 ते 59 वयाच्यांना आहे, मी साठी ओलांडली तरी सोडलेला नाही. शेजारच्या काकू दरवर्षी न चुकता साबुदाण्याची खिचडी आणून देतात, आणि उपवासाला मासे चालतात म्हटल्यावर त्यांना अजून पटत नाही.

आणि शनिवारची रात्र, म्हणजे प्रभू मरणातून उठला त्या ईस्टरच्या आदली रात्र, तर कुणीतरी एकदा येऊन बघावीच. चर्चमध्ये पूर्ण अंधार, बाहेर नवीन अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात, यंदा 2026. ती एकटी मेणबत्ती अंधारात आत येते आणि तिच्यावरून शेजारच्याची, त्याच्यावरून माझी असं करत सगळं चर्च उजळतं. उपवासकाळाचे चाळीस दिवस आलेलुया, म्हणजे देवाची स्तुती करा, हा शब्द आम्ही तोंडातून काढलेला नसतो, तो त्या रात्री पहिल्यांदा म्हणतो. मी लहानपणापासून हे बघतेय, अजून अंगावर काटा येतो.

मला इथं सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे तुमचा ख्रिसमस हलत नाही मग ईस्टर का हलतो. तर ते पण चंद्रावर आहे. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मध्ये कुठंही येतो. यंदा चैत्र पौर्णिमा, हनुमान जयंती 2 एप्रिलला गुरुवारी आली, आमचा पवित्र गुरुवार त्याच दिवशी, आणि 5 ला ईस्टर. सकाळी काकूंनी सुंठवडा दिला आणि संध्याकाळी मी पाय धुण्याच्या विधीला गेले. ईस्टरच्या आधी 46 दिवस मोजले की राखेचा बुधवार येतो, त्या दिवशी कपाळाला राख लावून आमचा उपवासकाळ सुरू होतो, मधले रविवार सोडले की त्याचे दिवस बरोबर चाळीस. यंदा महाशिवरात्रीनंतर तिसऱ्याच दिवशी होता, 18 फेब्रुवारीला. ती राख मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, मिळालेल्या झावळ्यांची असते, मी ती झावळी वर्षभर घरात क्रुसाच्या मागं खोचून ठेवते आणि उपवासकाळाच्या आधी परत देते.

एक अडचण अशी पण आहे की सांगली मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना मिशनच आठवतं. ते साहजिक आहे, डॉ. वानलेसांनी मिरजेत हॉस्पिटल उभं केलं त्या कामाचा मला आदरच आहे, पण ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचं मिशन, आम्ही कॅथलिक, इथं थोडेच आहोत. आमचं वर्ष ऋतूंसारखं फिरतं, फादरांच्या वस्त्राचा रंग बघून कळतं कुठला काळ चाललाय, जांभळा असला तर ख्रिसमसच्या आधीचा आगमनकाळ नाहीतर उपवासकाळ, पांढरा सणाचा, हिरवा साध्या दिवसांचा. डिसेंबरमध्ये इथं 26 तारखेला चांदण्या उतरतात आणि सगळे म्हणतात झाला तुमचा ख्रिसमस, आमचा तर तेव्हा सुरू झालेला असतो, जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. आधीचे चार रविवार वाट बघण्याचे, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावायची. 

वसईला दुपारी बाराला चर्चची घंटा व्हायची आणि आजी हातातलं काम ठेवून प्रार्थनेला उभी राहायची. इथं घराजवळ घंटा नाही, मी मोबाईलला बाराचा अलार्म लावलाय. आजीला जुनी लॅटिन मिस्सा तोंडपाठ होती, अर्थ कळायचा नाही, पण संध्याकाळी दिवेलागणीला जपमाळ मराठीत, आणि तीच माळ आज माझ्याकडं आहे. व्हॅटिकनच्या 1962 ते 65 च्या परिषदेनंतर मिस्सा पण आपल्या भाषेत आली. पण मराठीतली आमची भक्ती त्याच्याही कितीतरी आधीची, फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 ला छापलं गेलं, तेही ओवीत. म्हणून कुणी हा बाहेरचा धर्म म्हटलं की मला वाईट वाटतं.

2019 च्या महापुरात गावभागातली दोन कुटुंबं आमच्याकडं राहायला होती. लाईट नव्हती. आम्ही अंधारात जपमाळ म्हणत होतो आणि त्यांच्यातल्या आजी शेजारी बसून हळू आवाजात हरिपाठ म्हणत होत्या, कुणी कुणाला थांबवलं नाही. पुढं 15 ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आला तेव्हा त्या आजींनी विचारलं, आज काय आहे तुमच्यात? तेव्हापासून त्या दरवर्षी फोन करतात.

तर साहेब, विनंती एवढीच. पंचांगाच्या चौकोनात एकादशी, संकष्टी, रोजाच्या वेळा देता तसं राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरला तो सण), 2 नोव्हेंबरचा मृतांचा दिवस याची पण एक ओळ द्या. गुड फ्रायडेला जाहिरात आली तर शुभेच्छा शब्द तेवढा काढायला सांगा. पुढच्या वर्षी राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आणि ईस्टर होळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी, 28 मार्चला आहे, आत्ताच कळवून ठेवते. आणि ज्यांना मनापासून शुभेच्छा द्यायच्या आहेत त्यांनी ईस्टरच्या द्याव्यात, आमचा ईस्टरकाळ 24 मेपर्यंत चालू आहे, आम्ही आनंदानं घेऊ.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली