जुन्या जपानी गाड्या सरसकट भंगारात नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दर वर-खाली फेरीला एकदा पेट्रोल पेटणाऱ्या) मोटरसायकली धूर ओकतात, रात्री-अपरात्री कानठळ्या बसवतात, तेव्हा त्या सरसकट जप्त करून भंगारात घालाव्यात, असं एका सांगलीकर वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. त्यांचा त्रास खरा आहे. मी विश्रामबागेत राहतो; शंभर फुटी रस्त्यावर रात्री अकरानंतर जे चालतं ते मलाही ऐकू येतं. पण त्यात दोष गाडीचा नाही, तिच्याशी केलेल्या खेळाचा आहे. तेवढं सांगावं म्हणून हे लिहितो.

कुपवाडच्या एमआयडीसीत टर्नर म्हणून माझी नोकरी झाली. १९८०च्या दशकातल्या जपानी बनावटीच्या मोटरसायकली खोलायच्या आणि कंपनीतून निघाल्या तशा पुन्हा उभ्या करायच्या, हा माझा छंद. धंदा नाही. कुणाची गाडी करून दिली तर सुट्या भागांचे पैसे घेतो, हाताचे घेत नाही.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. तोवर आपल्याकडे बुलेट, येझदी आणि जुनी राजदूत. १९८३ साली एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरडी ३५० राजदूत नावानं आणली. १९८४ मध्ये इंड-सुझुकीची एएक्स १०० आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, आणि पाठोपाठ कावासाकी बजाज. तासगाव-पलूसकडचे द्राक्षबागायतदार, दूध घालणारे, वसुली करणारे बँकेचे लोक, सगळे या गाड्यांवर आले. आम्हा लेथवर काम करणाऱ्यांना त्यांचं अप्रूप वेगळ्या कारणानं होतं. यामाहाच्या क्रँककेसचे, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीचे, दोन अर्धे मध्ये कागदी गॅस्केट न घालता नुसत्या बाँडवर, म्हणजे चिकट लेपावर, बसतात आणि तरी हवा सुटत नाही. इतका सपाट पृष्ठभाग रोजच्या उत्पादनात काढणं म्हणजे काय असतं, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. आरएक्सचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ५० मिलिमीटर, भरले ९८ सीसी. आणि एवढ्याशा सिलिंडरमधून ११ हॉर्सपॉवर. गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास. ती चढावर का पळते हे या आकड्यांतच आहे.

आता आवाजाचं. आरएक्सच्या सायलेन्सरच्या मागच्या टोकाला एक लहानसा बोल्ट असतो. तो काढला की आतली भोकाभोकांची नळी ओढून बाहेर काढता येते. गॅरेजमधली मुलं तिला जाळी म्हणतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्याची काजळी नळीवर धरते आणि ती अधूनमधून साफ करावी लागते, एवढ्यासाठी कंपनीनं ती निघेल अशी ठेवली. साफ करून परत बसवायची असते. पोरं ती काढतात आणि बसवतच नाहीत. माझ्याकडे येऊन सरळ सांगतात, “काका, जाळी काढून द्या, नुसता आवाज यायला पाहिजे बघा.” मी देत नाही. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचं पोट फुगीर आणि पुढे तो निमुळता, हे दिसायला बरं म्हणून केलेलं नाही. एक्झॉस्टमधून सुटलेली दाबाची लाट त्या निमुळत्या भागावरून उलटी फिरते आणि न जळता निसटू पाहणारं पेट्रोल परत सिलिंडरमध्ये ढकलते. जाळी निघाली की हा मेळ बिघडतो. आवाज वाढतो, खालच्या गियरमधली ओढ जाते, पेट्रोल जास्त जातं. म्हणजे गाडी पळते असं फक्त वाटतं. असे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात ते योग्यच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या रचनेत असा फेरबदल करू देत नाही आणि देऊही नये.

धुराची कारणं बहुतेक वेळा दोनच. यामाहानं या गाडीला ऑटोल्यूब पंप दिला आहे. ऑइलची टाकी वेगळी. इंजिन जितकं फिरेल आणि ॲक्सिलरेटर जितका पिळाल त्या मापानं पंप ऑइल सोडतो. आपल्याकडे ‘पंपाचा भरवसा नाही’ म्हणत तो बंद करायचा आणि पेट्रोल भरताना टाकीतच अंदाजानं ऑइल ओतायचं, अशी पद्धत पडली. मग गाडी चौकात नुसती उभी असली तरी तिला चढावाच्याच प्रमाणात ऑइल मिळतं. धूर होणारच. दुसरं कारण क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं, क्लचकडच्या बाजूचं ऑइल सील. चाळीस वर्षांत रबर कडक होतं, आणि इंजिन गियर बॉक्सचं ऑइल आत ओढून जाळायला लागतं. पांढरा धूर आणि गियर ऑइल कमी होत चाललंय, ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की सील गेलं म्हणून समजा. ते मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं गेलं तर धूर होत नाही, पण आत फालतू हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि धावत्या गाडीचं इंजिन जाम होतं. हे धुरापेक्षा वाईट. सील अगदी किरकोळ किमतीचं असतं. ते बदलायला इंजिन खोलावं लागतं, म्हणून कुणी बदलत नाही.

पंप सुरू असलेली, सील बदललेली, बोअर नीट झालेली आरएक्स पीयूसीला पास होते. २००० सालाआधीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के आहे. माझ्या गाड्या तिच्या बऱ्याच खाली बसतात. तरी एक गोष्ट मी नाकारत नाही. टू-स्ट्रोक कितीही नीट केली तरी थोडं कच्चं पेट्रोल सायलेन्सरमधून जातंच, ती त्या रचनेतली मर्यादा आहे. २००० च्या नियमांनंतर टू-स्ट्रोक मोटरसायकली बंद होत गेल्या त्या त्याचमुळे. रोज कामाला जायला ही गाडी वापरा असं मी कुणालाही सांगत नाही. मी स्वतः बाजारहाट मुलाच्या स्कूटरवर करतो.

बोअर नीट झालेली, असं वर म्हटलं ते थोडं उलगडतो, कारण निम्म्या गाड्या तिथेच मारल्या जातात. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना आपण पोर्ट म्हणतो. सिलिंडर मोठा करून पाव मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन घातला की त्या खिडक्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार राहतात. त्या हातानं, बारीक दगडानं मोडाव्या लागतात. नाहीतर पिस्टनची रिंग खिडकीपाशी किंचित बाहेर फुगते, कडेला अडकते आणि तुटते. मशीनवर सिलिंडर चढवून उतरवणाऱ्याला या कामाचे वेगळे पैसे मिळत नाहीत, म्हणून ते राहून जातं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात जागा ठेवायची ती काही शतांश मिलिमीटरच, आणि ती वर, मध्ये, खाली अशी तिन्ही ठिकाणी, आडवी-उभी दोन्हीकडून बोअर गेजनं बघायची. बोटानं चाचपून ‘बरोबर बसलाय’ म्हणायचं काम हे नव्हे.

स्क्रूचंही सांगतो, छंद सुरू करणाऱ्यांना उपयोग होईल. या गाड्यांच्या कव्हरचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे, जेआयएसचे आहेत. पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तीच खूण. आपला नेहमीचा स्टार स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही. जोर लावला की उसळी मारून बाहेर येतो आणि फुली झिजते. मग छिन्नी येते, हातोडी येते आणि कव्हर फुटतं. जेआयएसचा एक चांगला ड्रायव्हर आणि ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आधी घ्या, रंगाचा विचार नंतर करा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागात, मारुती रोडला दुचाकी कित्येक दिवस पाण्याखाली होत्या. पाणी उतरल्यावर त्या किलोच्या भावानं गेल्या. त्यातली एक आरएक्स मी मागून आणली. मालकानं पुरातून काढल्यावर तिला किक मारली नव्हती, म्हणून ती वाचली. बुडालेल्या गाडीला किक मारली की गाळ बेअरिंगमध्ये दळला जातो. प्लग काढून आतलं पाणी ओतून काढलं, डिझेल भरून ठेवलं, मग खोलली. क्रँककेसच्या तळाशी कृष्णेचा काळा गाळ दह्यासारखा थिजलेला होता. बेअरिंगं गेली होती, कनेक्टिंग रॉड गंजला होता, पण क्रँकच्या दोन्ही चकत्या शाबूत. नवी रॉड-किट प्रेसवर बसवली, क्रँक सेंटरमध्ये धरून डायल (बारीकसा वाकही दाखवणारं मापक) लावला आणि पितळी हातोडीनं ठोकत ठोकत सरळ केला. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरांत आला तेव्हा माझ्या भाच्यानं विचारलं, “मामा, आता झालं का?” अजून कार्बोरेटर होता, वायरिंग होतं. पण खरं म्हणजे तिथेच झालं होतं.

ती गाडी आज पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, आणि रस्त्यावर आणता येत नाही. आरसी बुक पुरात गेलं. मूळ मालक हयात नाहीत, वारसांपैकी एकजण परगावी. जुनी नोंद कागदी रजिस्टरात, संगणकावर नाही. संबंधित कार्यालयात मला उत्तर मिळालं की एवढा खटाटोप कशाला करता, स्क्रॅपचं प्रमाणपत्र घ्या.

माझी मागणी याच जागी आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी त्यात नोंदवता येते. नवीन नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षांची, आणि रोजच्या वापराला बंदी. फक्त प्रदर्शन, रॅली, अभ्यास आणि दुरुस्तीसाठी बाहेर काढायची. नियम चांगला आहे. पण ५० वर्षांच्या अटीत या पिढीतली एकही गाडी बसत नाही. सर्वांत आधीची आरडी ३५० सुद्धा २०३३ साली पात्र होईल, आरएक्स आणि सीडी १०० त्यानंतर. तोवर काय उरेल? जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं, म्हणजे ‘फिवा’नं, ऐतिहासिक वाहनासाठी ३० वर्षं हे वय धरलं आहे, सोबत अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली असावी आणि रोजच्या वाहतुकीला वापरात नसावी. तीच फूटपट्टी आपणही लावावी. ३० वर्षांवरील गाड्यांचा एक मधला वर्ग करा, शुल्क सामान्य माणसाला झेपेल असं ठेवा, वापरावर बंधन घाला, मूळ सायलेन्सर आणि पीयूसी सक्तीचे करा. पूरग्रस्त जिल्ह्यांत कागद गेलेल्यांसाठी चेसिस आणि इंजिन नंबर तपासून नोंद पुन्हा उभी करण्याची सोय द्या. नंबर ठोकून बनवलेल्या चोरीच्या गाड्याही त्या तपासणीत उघड्या पडतील. आज आरएक्सला लाखाच्या वर भाव असल्यानं तो उद्योग जोरात आहे.

आमचा भाग कारागिरीची कदर करणारा आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यामाहाच्या टाकीवरच्या चिन्हात तीन ट्युनिंग फोर्क आहेत, कारण ते घराणंच वाद्यांचं. तोराकुसू यामाहा यांनी १८८७ साली हामामात्सूच्या शाळेतला ऑर्गन दुरुस्त केला, तिथून त्याची सुरुवात. आरएक्सच्या रीड व्हॉल्व्हची, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या झडपेची, पोलादी पाकळी हातात घेतली तर पेटीतल्या सुराच्या पट्टीची आठवण येते, तशीच पातळ आणि श्वासागणिक उघडमीट करणारी. मिरजेतल्या एका वाद्य-कारागिराला ती दाखवली तर त्यानं नखानं छेडून कानाशी धरली.

पेट्रोलबद्दल थोडंच लिहितो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल असतं. त्यातलं बरंच आपल्याच उसाचं, आणि त्यानं शेतकऱ्याचं भलं होत असेल तर मला आनंद आहे. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि मिश्रण पातळ करतं. टू-स्ट्रोकला पातळ मिश्रण म्हणजे तापलेला पिस्टन. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी नळ्या आणि फ्लोट चेंबरचं गॅस्केट नवीन घालावं, प्लगचा रंग बघत गरज पडेल तर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा करावा, आणि गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. जिल्ह्यात एखाद्या पंपावर कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवता आलं तर उत्तम.

आमच्या खासदार-आमदारांनी ३० वर्षांच्या वर्गाचा प्रश्न परिवहन मंत्रालयापर्यंत न्यावा, ही विनंती. ज्यांच्या गोठ्यात, माडीखाली अशी गाडी पडून आहे त्यांनी ती विकली तरी चालेल, पण आरसी बुक गाडीसोबतच द्यावं. टाकी आणि इंजिन वेगवेगळं विकू नये. आणि ज्या वाचकांनी मूळ पत्र लिहिलं त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत माझा पत्ता घेऊन एखाद्या रविवारी सकाळी जरूर यावं. जाळी बसवलेली आरएक्स त्यांच्यासमोर सुरू करतो, पीयूसीची पावतीही दाखवतो. त्यानंतरही त्यांचं मत तेच राहिलं तर त्यांनी ते पुन्हा अवश्य छापून आणावं.

आपला,
एक निवृत्त टर्नर,
विश्रामबाग, सांगली