लेबननहून दादांना

बैरूत, एप्रिल 2018

ती. स्व. दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही दोघे सुखरूप आहोत. पोराने गाडी भाड्याने घेतलीय आणि तोच चालवतो. निघताना तुम्ही विचारलंत, नोकरीत बघितलेला मुलूख पैसे घालून परत कशाला बघायचा? तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

दादा, मी हा मुलूख बघितला तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची निळी बेरेट घालून आणि दुर्बिणीतून. कुठली टेकडी कुणाकडे, कुठल्या वाटेला सुरुंग, ब्लू लाइन (संयुक्त राष्ट्रांनी आखलेली लेबनन-इस्रायलमधली रेषा) कुठून जाते, एवढंच डोक्यात असायचं. इस्रायलचं सैन्य मे 2000 मध्ये मागे गेलं, त्यानंतर तीन वर्षांनी मी इथे आलो. सूर शहरातून (इंग्रजीत टायर) आमच्या गाड्या जायच्या, पण तिथे उतरून दगडाला हात लावल्याचं आठवत नाही.

या खेपेला लावला. समुद्राकाठी रोमन रस्ता आहे, दोन्ही बाजूंना संगमरवरी खांब, काही खांब तर पाण्यातच. सूर हे मुळात बेट होतं. सिकंदराने इ.स.पू. 332 मध्ये सात महिने वेढा घातला, किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडमातीचा बांध टाकला आणि शहर घेतलं. त्या बांधाला वाळू साचत गेली आणि बेट कायमचं जमिनीला जोडलं गेलं. आज त्यावर लोकवस्ती आहे. इथून सहा वर्षांत तो आपल्या झेलमकाठी पोचला होता. रथांच्या शर्यतीचं मैदानही बघितलं, जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब. त्यात शाळेची पोरं धावत होती.

पुढे सीमेकडे जायला लष्कराची परवानगी लागते. ती सैदा शहरातल्या लष्करी बराकीत मिळाली.

शकीफचा किल्ला आम्ही मर्जयूनच्या बाजूने रोज बघायचो. आमच्या लेखी तो एक उंचवटा होता. यंदा वर चढलो. खाली 300 मीटरवर लितानी नदी. सज्जनगडावरून उरमोडीचं खोरं दिसतं ना, तसंच वाटलं. युरोपातून आलेल्या क्रुसेडवाल्यांनी तो बांधला, सलाउद्दीनने 1190 मध्ये घेतला, पुढे पुन्हा त्यांच्याकडे गेला तो 1268 मध्ये इजिप्तचा सुलतान बैबर्स याने जिंकला. आपल्या काळात 1982 पासून 2000 पर्यंत तिथे इस्रायलची चौकी होती, जाताना ती त्यांनी सुरुंगाने उडवली. आता तिकीट काढून घरची माणसं लेकरं घेऊन येतात. हे बघून फार बरं वाटलं.

खियाम गावी मात्र पाय जड झाले. तिथला तुरुंग मी तो शाबूत असताना बघितलेला. इस्रायलच्या बाजूने लढणाऱ्या स्थानिक फौजेने तिथे माणसं कोंडली होती. ती फौज पळाली तेव्हा गावकऱ्यांनीच दारं फोडून कैदी सोडवले, आणि त्याचं संग्रहालय केलं. त्या अरुंद कोठड्यांत मी आत जाऊन उभा राहिलो होतो. 2006 च्या युद्धात इस्रायलच्या विमानांनी ते सगळं पाडलं. आता वाकलेलं लोखंड आणि काँक्रीटचे ढीग. सूरचे खांब पडून कित्येक शतकं झाली, त्यांच्यापाशी बसून माणूस जेवू शकतो. इथे मला पाणी पिववेना. पोरगा सारखा विचारत होता, मी त्याला कोठड्या कुठे होत्या ते हाताने दाखवत राहिलो.

आता तुमच्या कामाचं. आपल्या बटालियनबरोबर जनावरांचे डॉक्टर असायचे आणि मी त्यांच्या हाताखाली होतो, हे तुम्हाला माहीत आहे. हासबयाकडच्या गावांत आम्ही शेळ्यांना जंताचं औषध पाजायचो, कासदाह बघायचो, खुरं कापायचो. त्यातल्या एका गावात गेलो. काळी घोळदार विजार आणि पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा कळप घेऊन येत होता. मी 'हिंदी' (अरबीत भारतीय) म्हणालो आणि शेळीचं खूर धरायची खूण केली, तसा त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचना. मला ओळखलं असं म्हणणार नाही, पण आपल्या पलटणीच्या डॉक्टरांना तो विसरलेला नव्हता. घरी नेऊन वेलदोड्याची कोरी कॉफी पाजली. त्याची एक शेळी लंगडत होती, ती मी बघितली. खुरांच्या बेचक्यात खडा रुतला होता. काढला.

त्याच्याकडून एक कळलं ते मनातून जात नाही. 2006 मध्ये शेवटच्या दिवसांत या भागावर क्लस्टर बॉम्ब (एकातून पुष्कळ छोटे गोळे विखुरणारे) पडले. त्यातले न फुटलेले गोळे वर्षानुवर्षं शेतांत आणि ऑलिव्हच्या बागांत सापडत राहिले. कुरणात जनावर सोडायचं तर आधी माणसाने जीव मुठीत धरून पुढे चालायचं. त्याने दोन शेळ्या अशा घालवल्या. आम्ही औषध पाजून मोठी केलेली ती खिल्लारं, दादा.

त्याच्याकडच्या काळ्या शेळ्या लांब कानांच्या आहेत, दूध आपल्या उस्मानाबादीपेक्षा जास्त देतात असं तो म्हणाला. फोटो पोराने काढलेत, तुम्हाला दाखवतो. समोर हरमोन डोंगरावर अजून बर्फ आहे.

उद्या बालबेकला जाणार. तिथले ज्युपिटरच्या मंदिराचे सहा खांब 20 मीटर उंच आहेत म्हणतात.

पावसाआधी आपल्या शेळ्यांना जंताचं औषध पाजायला विसरू नका, करडांना वजनाप्रमाणे कमी द्या. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा भाऊ