एका दिवसात तीन गावं कशाला?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला इटलीतल्या टस्कनीवरचा लेख वाचला. फोटो झकास होते, पण त्यात जो प्लॅन दिलाय ना, भाड्याने गाडी घ्या आणि एका दिवसात मॉन्टालचिनो, पिएन्झा आणि मॉन्टेपुल्चानो ही तिन्ही गावं उरका, तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आम्ही मित्रमंडळी यातल्या एकट्या मॉन्टेपुल्चानोला गेलो होतो आणि अख्खा दिवस देऊनही बघायचं राहिलंच.

आधी गाडीचं बोलू. वाईनच्या गावाला जायचं आणि एकाने दिवसभर पाणी पीत बाकीच्यांची तोंडं बघायची, ही कसली ट्रिप? इटलीत गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम अल्कोहोलची आहे, आणि लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर थेट शून्य. त्यात जुन्या गावांमध्ये झेडटीएल असतो, म्हणजे परवाना नसलेल्या गाड्यांना आत बंदी, अडवायला कोणी उभं नसतं, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते, तोवर आपण ट्रिप विसरलेलो असतो.

त्यापेक्षा रोमहून रिजनल ट्रेनने किउसीला उतरायचं आणि तिथून बस पकडायची. मॉन्टेपुल्चानो नावाचं स्टेशनही आहे बरं का, मॅपवर दिसतं म्हणून तिथे उतरायचा मोह होतो, पण ते खाली सपाटीवर आहे, गावापासून चांगलंच लांब. रविवारी बस फार कमी असतात, म्हणून जायचं ते मधल्या वारी.

गाव आहे सहाशे मीटर उंचीवर आणि ते पायांना लगेच कळतं. पोर्टा अल प्राटो या खालच्या वेशीतून आत शिरलं की मुख्य गल्ली जी चढायला लागते ती थांबतच नाही. वाटेत एका मनोऱ्यावर नेपल्सचा विदूषक पुल्चिनेला याचा पुतळा घंटेवर टोले देत उभा असतो, त्याला बघायच्या निमित्ताने दम खाता येतो. दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावातल्या आठ मोहल्ल्यांपैकी प्रत्येकाची जोडगोळी ऐंशी किलोचं लाकडी पिंप ढकलत हाच चढ चढते, किलोमीटरहून जास्त, आणि तेही शर्यतीत! आम्हाला पाठीवरची सॅक जड होत होती.

वर पियाझ्झा ग्रांदे, म्हणजे गावाचा मुख्य चौक. कॅथेड्रलचा दर्शनी भाग शेकडो वर्षं अर्धवटच राहिलाय, नुसत्या ओबडधोबड भिंती, आणि शेजारची नगरपालिका मात्र फ्लोरेन्सच्या नगरपालिकेची, पलाझ्झो वेक्कियोची, धाकटी बहीण शोभेल अशी. पण खरी मजा जमिनीखाली आहे. जुन्या वाड्यांची तळघरं म्हणजे वाईनची कोठारं, उतरत जावं तसा गारवा वाढतो, भिंतींना ओल, आंबूस लाकडी वास, आणि माणसाहून उंच ओकची पिंपं अशी दाटीवाटीने बसवलेली की ही आत आणली कशी याचाच विचार करत राहावं. इथली नावाजलेली लाल वाईन विनो नोबिले दोन वर्षं मुरल्याशिवाय विकताच येत नाही, रिझर्वा म्हणजे जास्त मुरवलेली असेल तर तीन. बजेट कमी असेल तर रोस्सो दि मॉन्टेपुल्चानो मागा, तीच सांजोवेझे द्राक्षं, फक्त कमी मुरलेली आणि खिशाला हलकी. टेस्टिंगला ग्लासातलं सगळं संपवायचं नसतं, उरलेलं ओतायला भांडं ठेवलेलं असतं, हे आपल्या लोकांना कोणीतरी आधी सांगायला हवं. आमच्यातला एक जण अजिबात घेत नाही, तरी तळघरातून बाहेर यायला सगळ्यात जास्त कुरकुर त्यानेच केली.

शाकाहारी वाचकांसाठी सांगतो, पिची अल्लाल्योने मागवा. हाताने वळलेली जाड शेवयांसारखी पास्ता, टोमॅटो आणि तिकडच्या मोठ्या, सौम्य लसणाचा सॉस. पाव मात्र बिनमिठाचा असतो, वेटरशी वाद घालू नका, टस्कनीत तो असाच करतात. बिलात कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, म्हणून माणशी दोनेक युरो लागतात तेही नेहमीचंच.

चौकात आम्ही निवांत बसलेलो असताना एक टूर ग्रुप आला, गाईडने छत्री वर धरली, फोटो झाले, अर्ध्या तासात मंडळी पुन्हा उतारावर. तळघर नाही, जेवण नाही, आणि वेशीबाहेरचं सान बियाजोचं चर्च तर त्यांनी बसच्या काचेतूनच पाहिलं असणार. १५१८ मध्ये काम सुरू झालेलं ते फिकट दगडी चर्च, आजूबाजूला हिरवळ, तिथे तासभर नुसतं बसलं तरी चालतं. येताना चढ आहे तेवढं लक्षात ठेवा.

तेव्हा संपादक साहेब, पुढच्या वेळी असा लेख छापाल तर सोबत ट्रेन आणि बसच्या वेळांची एक चौकट द्या, शेवटची बस कधी सुटते हे त्यात ठळक अक्षरात असू द्या. जागा कमी पडली तर सूर्यास्ताचे दोन फोटो गाळा.

– आपला एक नियमित वाचक